बोलायला सगळेच शिकवतात. पोहोचले की नाही हे तपासायला कोण शिकवणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नोकरीच्या जाहिरातींमध्ये ‘उत्तम संवादकौशल्य आवश्यक’ ही अट आता इतकी सरावाची झाली आहे की, ती वाचताना कोणी क्षणभरही थांबत नाही. ही अट पूर्ण करून देण्याची हमी देणारे वर्ग, शिबिरे आणि ऑनलाइन अभ्यासक्रमही मुबलक आहेत. त्यांत काय शिकवले जाते, हे मी कामाच्या निमित्ताने बरेच जवळून पाहिले आहे. व्यासपीठावर कसे उभे राहावे, हात कोठे ठेवावेत, नजर कशी फिरवावी, आवाज कोठे चढवावा आणि भाषणाची सुरुवात कशी करावी, यांवर तासच्या तास खर्च होतात. या गोष्टी निरुपयोगी आहेत असे मी म्हणणार नाही. भीड चेपायला त्यांची मदत होते. परंतु आपल्या रोजच्या बोलण्यातले व्यासपीठावरचे बोलणे असते तरी किती? सहकाऱ्याला काम समजावून देणे, वरिष्ठांपुढे अडचण मांडणे, रुग्णाला औषध कसे घ्यायचे ते सांगणे, घरातल्या माणसाचे ऐकून घेणे, यांतच आपला दिवस जातो. संवाद फसतो तो येथे, आणि तो फसण्याचे कारण सहसा नीट बोलता न येणे हे नसते. जे सांगितले ते समोरच्यापर्यंत पोहोचले का, हे पाहण्याची सवय आपल्याला कोणी लावलेली नसते. रुग्णालयात परिचारिकांच्या प्रशिक्षणात उमेदीची वर्षे घालवल्यावर माझे हे मत पक्के झाले आहे आणि ते सविस्तर मांडण्यासाठीच हा पत्रप्रपंच.

अशा वर्गांमध्ये एक आकडा हमखास सांगितला जातो. संवादात शब्दांचा वाटा अवघा ७ टक्के, आवाजाचा ३८ टक्के आणि चेहऱ्याचा व देहबोलीचा ५५ टक्के असतो, असे फळ्यावर वर्तुळ काढून दाखवतात. अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाने १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या दोन प्रयोगांतून हे आकडे आले आहेत. त्या प्रयोगांत लोकांना सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले होते, चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवली होती आणि बोलणाऱ्याच्या मनात आवड आहे की नावड, एवढाच अंदाज विचारला होता. शब्द एक सांगतात आणि सूर किंवा चेहरा दुसरेच सांगतो, तेव्हा भावनेचा अंदाज बांधताना माणसे शब्दांपेक्षा सुरावर आणि चेहऱ्यावर अधिक विसंबतात, इतकाच त्याचा अर्थ. सर्व प्रकारच्या संवादाला हे प्रमाण लागू नाही, असे खुद्द मेहराबियन यांनीही स्पष्ट केले आहे. तरीही पन्नासहून अधिक वर्षे हा आकडा शिकवला जातो आहे आणि त्यातून शिकणाऱ्याच्या मनात असे ठसते की, काय बोलतो याला फारसे महत्त्व नाही. रुग्णाला ‘अर्धी गोळी’ सांगायची की ‘दीड गोळी’, हे कोणत्याही देहबोलीतून कळत नाही. तेथे शब्दच लागतो, तो नेमकाच लागतो आणि तो तसाच ऐकला गेला आहे याची खात्रीही लागते.

आता ऐकण्याविषयी. आपण कमी ऐकतो याचा दोष सामान्यतः स्वभावावर ढकलला जातो : अमुक माणूस उतावळा, तमुक अहंकारी. मला हे निदान अपुरे वाटते. जगातील १० भाषांमधील संभाषणांची तुलना करणारा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होण्यात सरासरी सुमारे २०० मिलिसेकंदांचे, म्हणजे सेकंदाच्या पाचव्या भागाएवढे अंतर असते आणि भाषा बदलली तरी ते फारसे बदलत नाही, असे त्यात आढळले. याउलट, समोरचे चित्र पाहून त्यातील वस्तूचे नाव उच्चारायलासुद्धा माणसाला सुमारे ६०० मिलिसेकंद लागतात. याचा सरळ अर्थ असा की, समोरचा बोलत असतानाच आपण उत्तराची जुळवाजुळव सुरू केलेली असते. आपली संभाषणे सुरळीत चालतात ती या तयारीमुळेच, त्यामुळे तिला मी दोष देत नाही. मात्र ज्या वेळी समोरच्याचे शेवटचे वाक्यच सर्वांत महत्त्वाचे असते, त्या वेळी हीच सोय घात करते. चांगले ऐकणे आपोआप जमत नाही, ते शिकावे लागते, याचे कारण हे आहे. भाषणासाठी वर्ग लागतात हे सर्वांना पटते. ऐकण्याचाही सराव लागतो म्हटले की मात्र लोक हसतात.

माझ्या क्षेत्रात या गोष्टीची मोजमापे झालेली आहेत. रुग्णाने आपली तक्रार सांगायला सुरुवात केल्यावर डॉक्टर किती वेळाने त्याला मध्येच थांबवतात, याची नोंद अमेरिकेतील दोन संशोधकांनी १९८४ साली प्रसिद्ध केली. त्यांनी ७४ भेटींच्या ध्वनिफिती तपासल्या. सरासरी निघाली १८ सेकंद, आणि आपले सुरुवातीचे म्हणणे पुरे करण्याची संधी फक्त २३ टक्के भेटींमध्ये मिळाली होती. हा आकडा ऐकून अनेक डॉक्टर म्हणतात की, न थांबवता ऐकत बसलो तर बाहेरची रांग कधी संपणार? प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याचे उत्तरही उपलब्ध आहे. स्वित्झर्लंडमधील बाझल येथील रुग्णालयात ३३५ रुग्णांना अजिबात न अडवता बोलू देण्यात आले आणि ते स्वतःहून किती वेळाने थांबतात हे मोजण्यात आले. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सरासरी निघाली ९२ सेकंद, आणि ७८ टक्के रुग्णांचे बोलणे दोन मिनिटांच्या आत संपले होते. म्हणजे ज्या वेळेच्या धास्तीने आपण माणसाला तोडतो, तो वेळ दीड मिनिटाचा असतो. पहिल्या अठरा सेकंदांत माणूस बहुधा सांगायला सोपे असलेले दुखणे सांगतो. ज्यासाठी तो खरोखर आलेला असतो, ते पुष्कळदा शेवटी येते. ऐकलेच नाही तर तोच रुग्ण चार दिवसांनी पुन्हा येतो आणि वाचवलेला वेळ व्याजासकट फेडावा लागतो.

वर्गातही हेच घडते. मेरी बड रो या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९७०च्या दशकात दाखवून दिले की, प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात आणि उत्तर आले नाही की प्रश्न पुन्हा विचारतात, दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देऊन टाकतात. हे थांबणे तीन सेकंदांवर नेल्यावर मुलांची उत्तरे लांबली, त्यांत कारणे येऊ लागली आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागली. हा प्रयोग मी परिचारिकांच्या वर्गात नेहमी करून घेत असे. तीन सेकंद थांबणे हे ऐकायला क्षुल्लक वाटते, पण प्रत्यक्षात विचारणाऱ्याला ते फार जड जाते. मधली शांतता आपणच भरून काढली पाहिजे असे त्याला वाटत राहते.

ऐकण्यानंतरची पायरी म्हणजे पडताळणी, आणि माझ्या मते संवादाचे खरे मर्म तेथे आहे. एक साधा प्रसंग सांगते. वॉर्डातून एका आजींना डिस्चार्ज मिळाला होता. परिचारिका अनुभवी आणि मायाळू होती. तिने औषधांची पाकिटे एकेक करून हातात दिली, चिठ्ठी दाखवली, सावकाश समजावून सांगितले आणि शेवटी विचारले, “आजी, कळलं ना सगळं?” आजींनी मान डोलावली. मुलगा बॅग उचलायला लागला. तेवढ्यात प्रशिक्षणात ठरल्याप्रमाणे ती आजींच्या शेजारी बसली आणि म्हणाली, “मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. आता घरी गेल्यावर या गोळ्या कशा घेणार, ते मला सांगा बरं.” आजींनी पहिले पाकीट उचलले आणि म्हणाल्या, “ही सकाळी, ही रात्री, आणि ही पांढरी दुखलं की.” पांढरी गोळी रक्तदाबाची होती आणि ती दुखो वा न दुखो, रोज घ्यायची होती. दाखल होण्यापूर्वी आजी घरी एक वेदनाशामक गोळी घेत असत, तीही पांढरीच, त्यामुळे त्यांच्या डोक्यात ती सांगड बसली होती. मुलानेही हे सगळे ऐकले होते आणि त्याचाही समज तोच झाला होता. परिचारिकेने पाकिटावर मोठ्या अक्षरांत ‘रोज सकाळी’ लिहिले, पुन्हा विचारून घेतले, आणि जेमतेम दोन मिनिटांत काम झाले.

‘कळलं ना?’ या प्रश्नात दोष असा आहे की, त्याला ‘हो’ हेच उत्तर अपेक्षित असते. ‘नाही’ म्हणणे म्हणजे आपण मठ्ठ आहोत अशी कबुली देणे, असे ऐकणाऱ्याला वाटते. शिवाय त्याला खरोखरच कळल्यासारखे वाटत असते. म्हणून प्रश्न बदलला पाहिजे आणि परीक्षा ऐकणाऱ्याची नसून सांगणाऱ्याची आहे, हे शब्दांत म्हणून दाखवले पाहिजे. ‘मी नीट सांगितले का ते बघू या’ या सुरुवातीने समोरच्याचा मान राहतो आणि चूकही सापडते. हीच पद्धत कारखान्यात नव्या कामगाराला यंत्र दाखवताना, बँकेत ज्येष्ठ ग्राहकाला ठेवीच्या अटी सांगताना किंवा मुलाला घर कसे बंद करायचे ते शिकवताना तितकीच चालते. फक्त ती दरडावून वापरू नये. ‘काय सांगितले मी आत्ता? सांग!’ यातही शब्द जवळपास तेच आहेत, पण त्याने माणूस धास्तावतो आणि काहीतरी ठोकून देतो.

आपण स्पष्टच सांगितले आहे असा भ्रम आपल्याला का होतो, याचा एक सुंदर पुरावा आहे. एलिझाबेथ न्यूटन या संशोधक विद्यार्थिनीने १९९० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एक प्रयोग केला. एकाने सर्वांच्या ओळखीच्या गाण्याचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि दुसऱ्याने गाणे ओळखायचे. निम्म्या वेळा तरी गाणे ओळखले जाईल, असे वाजवणाऱ्यांना वाटत होते. प्रत्यक्षात १२० गाण्यांपैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात सूर, शब्द आणि वाद्ये यांसह पूर्ण गाणे चालू असते. ऐकणाऱ्याच्या कानावर येते ती टकटक. दहा वर्षे एकच काम करणारा माणूस नवख्याला ते काम चार वाक्यांत ‘समजावतो’ तेव्हा नेमके हेच होते, आणि नवख्याच्या हातून चूक झाली की ‘एवढे साधे सांगितले तरी कळत नाही’ असा शेरा मारला जातो. जाणकाराला आपल्या अज्ञानाच्या दिवसांची आठवण राहत नाही, म्हणून केवळ अधिक स्पष्ट बोलण्याचा निश्चय करून भागत नाही. समोरच्याकडून परत ऐकण्यावाचून दुसरा मार्ग उरत नाही.

विमान वाहतुकीने हा धडा फार मोठी किंमत मोजून घेतला आहे. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरीफ बेटावरील विमानतळावर दोन बोइंग ७४७ विमाने धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. धुके दाट होते. डच विमानाच्या सहवैमानिकाने ‘आम्ही आता उड्डाणावर आहोत’ अशा अर्थाचे मोघम वाक्य उच्चारले. त्यातून विमान धावू लागले आहे असाही अर्थ निघत होता आणि ते परवानगीची वाट पाहत उभे आहे असाही. नियंत्रकाने ‘ओके’ म्हटले आणि क्षणभर थांबून ‘उड्डाणासाठी थांबा, मी कळवतो’ असे जोडले. पण त्याच क्षणी धावपट्टीवर असलेल्या दुसऱ्या विमानाने आपण अजून धावपट्टीवरच असल्याचे कळवायला सुरुवात केली, दोन्ही संदेश एकमेकांवर आदळले आणि डच विमानात स्पष्ट ऐकू आला तो फक्त ‘ओके’. कॅप्टनने उड्डाणासाठी विमान पळवायला सुरुवात केलीच होती. अशा स्थितीत विमानातील फ्लाइट इंजिनिअरने, ते दुसरे विमान बाजूला झाले नाही का, असा प्रश्न विचारला होता. कॅप्टन हे त्या कंपनीतील वैमानिकांना प्रशिक्षण देणारे अत्यंत ज्येष्ठ अधिकारी. त्यांनी ठामपणे ‘हो, झाले आहे’ असे सांगितले आणि पुढे कोणी काही बोलले नाही.

या अपघातानंतर भाषेचेच नियम बदलले. ‘टेक-ऑफ’ हा शब्द उड्डाणाची प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, इतर वेळी ‘डिपार्चर’ म्हणायचे, असे ठरले. नुसते ‘ओके’ किंवा ‘ठीक’ म्हणून सूचना स्वीकारायची नाही, ती जशीच्या तशी परत उच्चारून दाखवायची आणि ती बरोबर उच्चारली गेली का, हे नियंत्रकाने कान देऊन ऐकायचे, या शिस्तीवर अधिक कटाक्षाने भर दिला गेला. आपल्या कार्यालयांतील फोनवरच्या आणि मोबाइलवरच्या किती सूचना केवळ ‘ओके’वर आणि अंगठ्याच्या चित्रावर संपतात, हे आठवून पाहावे. त्या अंगठ्याचा अर्थ ‘वाचले’, ‘समजले’, ‘मान्य आहे’ की ‘करतो’, हे पाठवणाराही सांगू शकणार नाही.

परंतु टेनेरीफमधील माझ्या मते अधिक गंभीर गोष्ट म्हणजे तो फ्लाइट इंजिनिअर. त्याला शंका आली होती, ती त्याने विचारलीही, आणि एका ठाम ‘हो’पुढे ती विरून गेली. कनिष्ठाचे हे गप्प होणे किंवा आडवळणाने बोलणे पुन्हा पुन्हा दिसते. २५ जानेवारी १९९० रोजी कोलंबियाहून न्यूयॉर्कला निघालेले एक विमान खराब हवामानामुळे तासाभराहून अधिक काळ हवेत ताटकळत ठेवले गेले आणि शेवटी इंधन संपून कोसळले. १५८ जणांपैकी ७३ दगावले. इंधन संपत आले आहे असे सहवैमानिकाने नियंत्रकांना सांगितले होते, पण इतर चार गोष्टींच्या ओघात आणि सौम्य सुरात. कॅप्टनने आणीबाणी असल्याचे कळव म्हणूनही तो शब्द त्याने शेवटपर्यंत उच्चारला नाही, आणि त्या एका शब्दाअभावी नियंत्रकांच्या दृष्टीने ते रांगेतले आणखी एक विमान राहिले. सौजन्य आणि स्पष्टपणा यांत निवड करायची वेळ आली की बहुतेक सभ्य माणसे सौजन्य निवडतात. जिथे धोका आहे तिथे ही निवड चुकीची असते आणि ती चुकीची आहे हे आधीच, निवांत वेळी, शिकवावे लागते; ऐन प्रसंगी कोणाला सुचत नाही.

म्हणूनच १९७९ साली नासाने यावर कार्यशाळा घेतली आणि १९८१पासून विमान कंपन्यांमध्ये नव्या प्रकारचे प्रशिक्षण सुरू झाले. त्यात कनिष्ठाला शंका ठामपणे आणि पायरीपायरीने कशी मांडायची ते शिकवतात, आणि तितक्याच आग्रहाने कॅप्टनला ती कशी मागून घ्यायची तेही शिकवतात. हा दुसरा भाग आपल्या प्रशिक्षणांतून जवळपास गायब आहे. धीटपणे बोला असा उपदेश नेहमी खालच्या माणसाला केला जातो. वरच्या माणसाने ‘कोणाला काही शंका?’ असे विचारून लगेच घड्याळाकडे पाहिले, तर कोणता नवखा तोंड उघडेल? त्यापेक्षा ‘या योजनेत काय बिघडू शकते, प्रत्येकाने एकेक गोष्ट सांगा’ असे विचारावे, सर्वांत कनिष्ठापासून सुरुवात करावी, स्वतः शेवटी बोलावे आणि पहिली अडचण सांगणाऱ्याचे म्हणणे खोडून न काढता लिहून घ्यावे. दुसऱ्या बैठकीपर्यंत फरक दिसू लागतो, हे मी पाहिले आहे.

शस्त्रक्रियागृहात तर साध्या नावानेही फरक पडतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेपूर्वी वाचायची जी तपासणी-यादी दिली, तिच्यात चीर देण्यापूर्वी संघातील प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगावे असा मुद्दा आहे. एकदा तोंड उघडलेला माणूस पुढे शंका आली की पुन्हा बोलण्याची शक्यता वाढते, हा त्यामागील विचार. आठ देशांतील आठ रुग्णालयांतील अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. यादी वापरू लागल्यावर तेथील मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले होते. त्याचे सारे श्रेय नावे सांगण्याला नाही, यादीत इतर अनेक महत्त्वाच्या तपासण्या आहेत. पण त्या तपासण्याही शेवटी माणसांनी एकमेकांना मोठ्याने विचारलेले प्रश्नच आहेत. ड्यूटी बदलताना रुग्णाची माहिती पुढच्या डॉक्टरला कशी द्यावी याची एक ठरीव पद्धत अमेरिका आणि कॅनडातील नऊ रुग्णालयांत वापरून पाहण्यात आली, आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी घटल्या. त्या पद्धतीची शेवटची पायरी म्हणजे ऐकणाऱ्याने सारांश परत सांगणे. हँडओव्हरला लागणारा वेळ मात्र लक्षणीयरीत्या वाढला नाही, हे ‘आम्हाला वेळ नाही’ म्हणणाऱ्यांनी मुद्दाम ध्यानात घ्यावे.

लेखी संदेशांविषयी थोडक्यातच लिहिते, कारण त्यांचे त्रास सर्वांच्या परिचयाचे आहेत. ईमेलमधील उपरोध वाचणाऱ्याला ओळखता येतो का, यावरचे प्रयोग २००५ साली प्रसिद्ध झाले; सुमारे ७८ टक्के वेळा ओळखता येईल अशी लिहिणाऱ्यांची खात्री होती, प्रत्यक्ष प्रमाण निघाले ५६ टक्के, म्हणजे नाणे उडवून अंदाज बांधण्यापेक्षा किंचित बरे. नाराजी, चेष्टा आणि टोमणा या तीन गोष्टी लेखी पाठवू नयेत, एवढाच व्यवहार्य निष्कर्ष मी त्यातून काढते. ‘लवकरात लवकर’, ‘शक्य झाल्यास’ आणि ‘बघून घ्या’ हे शब्दही कामकाजाच्या संदेशांतून हद्दपार व्हावेत. कोणी, काय आणि कधीपर्यंत करायचे हे एका वाक्यात मावते.

चूक दाखवून देताना मात्र पुष्कळ जण मोघमपणाचे दुसरे टोक गाठतात. ‘तुमचे कामच बेजबाबदार आहे’ हे वाक्य ऐकून कोणीही सुधारत नाही. तो फक्त आपला बचाव करू लागतो, कारण त्याच्या माणूसपणावरच बोट ठेवलेले असते. ‘मंगळवारच्या अहवालात तिसऱ्या पानावरची बेरीज चुकली आहे, त्यामुळे मागणी कमी नोंदवली गेली, पाठवण्यापूर्वी बेरीज दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्याल का?’ यात चूक, परिणाम आणि उपाय तिन्ही आहेत आणि समोरच्याला मान खाली घालावी लागत नाही. घरातील ‘तू नेहमीच असं करतोस’ या वाक्याचेही तसेच आहे. ‘नेहमीच’ म्हटले की समोरचा लगेच एखादा अपवाद शोधून दाखवतो आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो.

घरातल्या ऐकण्याला आणखी एक बाजू आहे. कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९५७ साली सक्रिय श्रवणाची कल्पना मांडली, तेव्हा शब्दांइतकीच त्यामागची भावनाही ऐकावी आणि आपल्याला काय समजले ते आपल्या शब्दांत बोलणाऱ्यापुढे ठेवावे, असे त्यांचे सांगणे होते. हे आज अनेक वर्गांत शिकवले जाते, पण इतके यांत्रिकपणे की ऐकणारा पोपटासारखा वाक्ये परतवू लागतो आणि बोलणारा वैतागतो. मुख्य अडचण तंत्राची नसून घाईची आहे. नोकरी गेलेला भाऊ, परीक्षेत नापास झालेली मुलगी किंवा निदान ऐकून हादरलेला रुग्ण बोलायला लागला की, आपण दुसऱ्याच वाक्याला सल्ला देतो; त्याचे दुःख आपल्याला सोसत नाही म्हणून आपण ते मिटवायला धावतो. ‘तुला यातून मार्ग हवा आहे, की आत्ता फक्त ऐकून घ्यायला कोणी हवे आहे?’ असे सरळ विचारता येते. विचारताना सुरुवातीला अवघडल्यासारखे होते, पण ज्याला विचारले त्याला त्याचा आधारच वाटतो, असा माझा अनुभव आहे.

यासाठी मोठ्या खर्चाची किंवा नव्या संस्थांची गरज नाही. शाळांतील तोंडी परीक्षेत बोलणाऱ्याला त्याच्या सफाईवर गुण देण्याऐवजी, त्याचे ऐकून वर्गमित्राला काय सांगता आले त्यावर काही गुण ठेवावेत. ऐकणाऱ्यालाही त्याने विचारलेल्या प्रश्नांसाठी गुण मिळावेत. कार्यालयांनी प्रत्येक बैठकीची शेवटची पाच मिनिटे राखून, ज्याच्याकडे जे काम आले ते त्याने स्वतःच्या तोंडाने सांगावे असा नियम करावा. आपल्यासारख्या वृत्तपत्रांनी करिअरविषयक पुरवण्यांतून भाषणकलेला जितकी जागा मिळते, तितकीच ऐकण्याच्या आणि पडताळून पाहण्याच्या शिक्षणाला द्यावी, ही विनंती. आणि ज्यांनी जाहिरातीत उत्तम संवादकौशल्याची अट घातली आहे, त्यांनी मुलाखतीत उमेदवाराला स्वतःविषयी बोलायला सांगून थांबू नये. त्याला कामाची एखादी सूचना मुद्दाम थोडी अपुरी द्यावी, आणि तो न समजलेले विचारतो का, ऐकलेले परत सांगून खात्री करून घेतो का, की मान डोलावून ‘हो सर’ म्हणतो, हे पाहावे. अशा चाचणीला दहा मिनिटे पुरतात आणि ती कोणत्याही हुद्द्यासाठी घेता येते, अगदी व्यवस्थापकपदासाठीसुद्धा.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका-प्रशिक्षक